मंगळवारची सायकल

मागच्या महिन्यात नवीन रोड बाईक घेतली. हापिसात बातमी फुटल्यावर पहिला प्रश्न आला, "वजन किती?" दुसरा, "कार्बन ना?" उत्तरं ऐकून मंडळींचे चेहरे पडले. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची, वजन अकरा किलोच्या आसपास आणि त्यावर मडगार्ड, कॅरियर, दिवे वगैरे संसार वेगळा. एक जण तर म्हणाला, "लेका, दूधवाल्याची सायकल घेतलीस की काय?"

तर आजचं लिखाण या दूधवाल्याच्या सायकलची बाजू मांडायला.

आधी कबुलीजबाब. ही माझी दुसरी रोड बाईक. पहिली २०१८ साली घेतली होती आणि ती निवडताना मी तेच केलं जे आपण सगळे करतो. तीन आठवडे रात्री दीड-दोनपर्यंत रिव्ह्यू वाचले, एक्सेलमध्ये तक्ता केला, त्यात वजनाला सगळ्यात जास्त गुण दिले. आणि शेवटी तक्ता बाजूला ठेवून जी दिसायला सगळ्यात भारी होती ती घेतली. काळी कुळकुळीत, हँडल एकदम खाली, २३ मिलिमीटरचे टायर, ११० पीएसआय हवा. खडकवासल्याच्या रस्त्यावर रविवारी सकाळी सहाला ती अक्षरशः उडायची. खोटं कशाला बोला, ते सुख वेगळंच होतं.

पण रविवार आठवड्यातून एकदाच येतो. माझं हापिस बाणेरला, घर कोथरूडला. एका बाजूने अकरा किलोमीटर. त्यातले दहा किलोमीटर बरे आहेत. एक किलोमीटर असा आहे की तिथे रस्ता कुठे संपतो आणि खोदकाम कुठे सुरू होतं ते खोदणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये, नुकताच पाऊस पडून गेलेला असताना, त्याच किलोमीटरवर गटाराच्या जाळीच्या फटीत माझं पुढचं चाक गेलं. जाळीच्या पट्ट्या रस्त्याला समांतर बसवलेल्या आणि फट माझ्या टायरच्या बरोब्बर मापाची! डावं मनगट मोडलं, आत प्लेट बसली. मागून येणारी बस थांबली म्हणून आज हे टाईप करतोय.

सायकल बाल्कनीत टांगली गेली. मग लॉकडाऊन आला. लॉकडाऊन संपल्यावर तिच्यावर टॉवेल वाळत पडायला लागले. २०२२ साली मिळेल त्या किमतीला विकून टाकली. हिशोब केला तर चार वर्षांत ती हापिसला जेमतेम चाळीस वेळा गेली होती. म्हणजे उत्तम सायकल घेऊन मी सायकल चालवणं बंद केलं होतं.

यंदा रक्ताच्या तपासणीत एचबीए१सी ६.१ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, रोज पाऊण तास काहीतरी करा. 'रोज' या शब्दावर त्यांनी जोर दिला. जिमचे पैसे भरून न जाण्याचा अनुभव गाठीशी होताच. पण स्कूटरने हापिसला पस्तीस मिनिटं लागतात आणि सायकलने पंचेचाळीस. म्हणजे दीड तासाचा व्यायाम, खर्च फक्त वीस मिनिटं. असं डील दुसरीकडे कुठे मिळतं?

बायकोने मात्र अट घातली. "नुसतं शनिवार-रविवार मिरवायला घेणार असशील तर नको. आणि हापिसला जाणार असशील तर मला घरी धाकधूक होणार नाही अशी घे." दोन वाक्यांत एवढी स्वच्छ रिक्वायरमेंट मला पंधरा वर्षांच्या नोकरीत एकाही क्लायंटने दिलेली नाही.

तेव्हा या वेळी प्रश्नच बदलला. 'सगळ्यात चांगली सायकल कुठली?' हा प्रश्न सोडला आणि 'माझ्या रस्त्यातल्या सगळ्यात वाईट किलोमीटरला कुठली चालेल?' हा धरला. सर्व्हरचं प्लॅनिंग आपण सरासरी लोडवर करत नाही, दिवाळी सेलच्या रात्रीवर करतो. सायकलच्या बाबतीत मात्र आपण रविवारच्या मोकळ्या रस्त्यावर डेमो बघतो आणि मंगळवारच्या ट्रॅफिकमध्ये प्रॉडक्शनला टाकतो.

हा प्रश्न धरल्यावर बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात.

पहिली गोष्ट टायर. फ्रेम आणि फोर्कमध्ये किती रुंद टायर बसतो हे दुकानात आधी विचारा. मडगार्ड लावून किती बसतो हे त्याच्याही आधी विचारा. टायर नंतर बदलता येतो, फ्रेममधली जागा बदलता येत नाही. मी ३२ मिमी लावलेत. २३ शी तुलना केली तर आतल्या हवेचं आकारमान जवळजवळ दुप्पट होतं, कारण रुंदीचा वर्ग धरावा लागतो. त्यामुळे ६०-६५ पीएसआयवर काम भागतं आणि खड्ड्याचा दणका थेट मनगटापर्यंत येत नाही. रुंद टायर म्हणजे हळू सायकल हा समज डोक्यातून काढा. काचेसारख्या गुळगुळीत ट्रॅकवर कडक टायर पळेलही. खडबडीत डांबरावर तो तुम्हाला सतत वर उडवत राहतो आणि त्यात तुमचीच ताकद वाया जाते. शर्यतीवाल्यांनीसुद्धा २३ केव्हाच सोडलेत, ते आता २८-३० वर आहेत.

दुसरी गोष्ट बसण्याची ठेवण. फ्रेमच्या साइझवर भुलू नका, एकाच्या 'मीडियम'मध्ये आणि दुसऱ्याच्या 'मीडियम'मध्ये चांगलाच फरक असतो. कंपनीच्या तक्त्यात दोन आकडे शोधा: स्टॅक आणि रीच. पॅडलच्या आसापासून हँडलच्या नळीचं टोक किती उंच आहे तो स्टॅक आणि किती पुढे आहे तो रीच. स्टॅक जास्त असेल तर तुम्ही जरा ताठ बसता. मान वर करून सिग्नल दिसतो, रिक्षा कुठे वळणार त्याचा अंदाज घेता येतो (तो चुकतो ती गोष्ट वेगळी). हातांवर भार कमी येतो. 'एन्ड्युरन्स' नावाखाली विकतात त्या सायकली साधारण या ठेवणीच्या असतात.

तिसरी गोष्ट गिअर. दुकानदार सांगेल हे आठ स्पीड, ते नऊ, ते दहा. शिमानोचंच घ्या: क्लॅरिसला मागे आठ चकत्या, सोराला नऊ, टियाग्राला दहा. पण किती आहेत यापेक्षा सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे ते बघा. माझ्या नव्या सायकलला पुढे सगळ्यात लहान चकती ३४ दात्यांची आणि मागे सगळ्यात मोठी ३२ ची. मिनिटाला साठ वेळा पॅडल फिरवलं तर वेग साधारण ८ किलोमीटर. जुनीला ३९ आणि २५ होते. तेवढंच पॅडल मारायला वेग जवळजवळ १२ ठेवावा लागायचा. सिंहगडाच्या घाटात हा फरक कळतो. पायथ्यापासून गाडीतळापर्यंत आठ-नऊ किलोमीटरचा चढ आहे. तिथे बाराने चढणारे असतात, मी त्यांना नमस्कार करतो. माझे गुडघे मला अजून तीस वर्षं वापरायचेत.

आता वजन. यावर लोक जितके पैसे उडवतात तितके कशावरच उडवत नसतील. चढावर सायकल एकटी चढत नाही, तिच्यावर बसलेले महाराजही चढतात. माझं वजन ७६, सायकल, पाणी, अवजारं धरून एकूण ९० किलो समजा. वीस-पंचवीस हजार जास्त मोजून सायकल दोन किलोने हलकी केली तर एकूणात बचत होते सव्वादोन टक्के. म्हणजे तासाभराच्या चढावर जेमतेम सव्वा मिनिट. तेवढं तर वर पोचल्यावर पिठलं-भाकरीवालीची चूल पेटायचीय म्हणून जातं. आणि तूर द फ्रान्सवाल्यांनाही ६.८ किलोच्या खाली जायची परवानगी नाही, २००० सालापासूनचा नियम आहे. बरं, दोन किलो कुठून कमी करायचेत ते मला पँटच्या पट्ट्यावरून कळतंय :)

ब्रेक डिस्कचे घ्या. पावसात रिम भिजली की साधा ब्रेक धरायला क्षणभर जास्त घेतो आणि आपल्याकडे तेवढ्या क्षणात रिक्षा यू-टर्न मारून मोकळी होते. मी केबलवर चालणारे डिस्क घेतले. तेलावर चालणारे जास्त मऊ आणि जोरकस, पण त्यांत हवा शिरली की वेगळं सामान आणि तो काम जाणणारा माणूस लागतो. केबलचे मीच पाच मिनिटांत कसतो.

आणि शेवटचं, ज्याकडे कुणी बघत नाही: भोकं. मागच्या चाकाच्या आसाजवळ, सीटखाली, पुढच्या फोर्कवर मडगार्ड-कॅरियर लावायला आटे पाडलेली भोकं आहेत का? नसतील तर लॅपटॉप पाठीवर घेऊन भिजलेल्या शर्टात स्टँडअप मीटिंगला उभं राहावं लागतं. हे दोनदा केलं की माणूस तिसऱ्यांदा स्कूटरची किल्ली घेतो. सायकली अशाच बारीक बारीक कटकटींनी बाल्कनीत जातात.

पैशांचं म्हणाल तर बजेटमधले दहा हजार आधीच बाजूला काढा: हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, चांगलं कुलूप, पंप, दोन ट्यूब, मडगार्ड. सायकलींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५ टक्के झालाय. जे वाचलंय ते कार्बनच्या बाटलीस्टँडवर घालवू नका, मागचा दिवा दणकट घ्या.

"मग सरळ साधी हायब्रिड घे ना," असं एका मित्राने सुचवलं. मुद्दा बरोबर आहे. आठ किलोमीटरच्या आत हापिस असेल आणि शनिवार-रविवारी लांब जायचं नसेल तर हायब्रिडच घ्या, पैसेही वाचतील. मला शनिवारी पानशेतपर्यंत जायचं असतं आणि तिथे समोरून वारा लागला की वळणदार हँडलची किंमत कळते. वाकता येतं, हात तीन-चार ठिकाणी ठेवता येतात. आणि शर्यतीत उतरणार असाल, ट्रायथलॉन करणार असाल, तर हे सगळं विसरा आणि हवी ती रेसिंग सायकल घ्या. पण स्वतःला खरं विचारा. २०० किलोमीटरची ब्रेव्हे राईड पुरी करायला साडेतेरा तास मिळतात. तिथे जिंकायचं नसतं, पोचायचं असतं आणि मडगार्डवाली सायकल पोचते.

नवी सायकल घरी आली तेव्हा बाबा गॅलरीतून खाली आले. बाबा बावीस वर्षं शनिवार पेठेतून खडकीच्या कारखान्यात सायकलने गेले. काळी अ‍ॅटलस, २२ इंची, डायनॅमो, चेनकव्हर, कॅरियरला डबा. (त्या अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला. त्या दिवशी नेमका जागतिक सायकल दिन होता.) माझी पहिली सायकल बघून तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "अरे, मडगार्ड कुठाय?" आणि मी हसलो होतो.

या वेळी त्यांनी टायर दाबून बघितला. कॅरियर हलवून बघितला. मग म्हणाले, "हां. ही कामाची दिसतेय."

मी म्हटलं, "बाबा, तुमच्या अ‍ॅटलसचा टायर केवढा होता हो?"

"अठ्ठावीस, दीड इंची."

दीड इंच म्हणजे ३८ मिमी! जगभरच्या कंपन्या 'ऑल-रोड' म्हणून आज ज्या रुंदीला आल्यात, ती आमच्या जिन्याखाली १९८० साली उभी होती.

पण मग बाबा म्हणाले ते मात्र डोक्यातून जात नाहीये. "आमच्या वेळी सकाळी पुलावर नुसत्या सायकलीच असायच्या रे. पडलो तर मागचा सायकलवालाच उचलायचा. तू एकटा असतोस ना?"

खरंय. रुंद टायर हा पॅच आहे, फिक्स नव्हे. जाळीच्या पट्ट्या आडव्या बसवल्या असत्या तर माझं मनगट शाबूत राहिलं असतं आणि त्याला खर्च शून्य होता. २००६ नंतर बीआरटीबरोबर सायकल ट्रॅक आले, आज त्यांवर गाड्या उभ्या असतात. २०१७-१८ साली भाड्याच्या सायकली आल्या आणि वर्ष-दोन वर्षांत गेल्याही. हे बदलायला रस्त्यावर सायकली दिसाव्या लागतात, त्याही कामाच्या दिवशी. रविवारी सकाळी सहाला निघालेले दोनशे सायकलवाले कुणाच्या वाटेत येत नाहीत, म्हणून कुणाच्या मोजदादीतही येत नाहीत. मंगळवारी पावणेनऊला सिग्नलला उभे राहिलेले वीस जण दिसतात. मी कामाच्या दिवसासाठी सायकल घ्या म्हणतोय त्याचं हेही एक कारण.

असो. महिन्याभरात सोळा वेळा हापिसला गेलो, म्हणजे जुन्या सायकलच्या चार वर्षांच्या हिशोबात चाळीस टक्के वसूल. बायको अजूनही पोचल्यावर मिस्ड कॉल मागते, तो देतो. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचंय, तेव्हा आकडा काय येतो बघू.

येत्या शनिवारी पानशेत. सहाला वारज्याच्या पुलाखाली. मडगार्डवाल्यांचं विशेष स्वागत, कार्बनवाल्यांनाही घेऊ.