हातचा कोणी सांभाळायचा?

हिंगणघाट तालुक्यातील वडनेर हे नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे, कपाशीच्या शिवारातले गाव. येथील शेतकऱ्याच्या घरात मापांची सरमिसळ नित्याची आहे. कापसाचा भाव क्विंटलने कळतो, रुईच्या बाजारातील तेजी-मंदी खंडीने बोलली जाते आणि भाजी मात्र अजूनही पावशेरानेच मागितली जाते. तरीही हिशेब चुकत नाही, कारण कोणते माप कोठे चालते हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असते. त्याच घरातील तिसरी-चौथीच्या मुलासमोर जेव्हा गणिताच्या दोन रीती एकाच वहीत येऊन ठाकतात, तेव्हा त्याला हे सांगणारे कोणी असतेच असे नाही.

हा प्रश्न आता महाराष्ट्रातील लक्षावधी घरांचा झाला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीसाठी राज्य शासनाने १६ एप्रिल २०२५ रोजी जो निर्णय काढला, त्यातील तिसऱ्या भाषेच्या कलमावरून एवढे रण माजले की उर्वरित निर्णय कोणी धड वाचलाच नाही. त्यातील वेळापत्रकानुसार नवा अभ्यासक्रम २०२५-२६ मध्ये पहिलीला, २०२६-२७ मध्ये दुसरी, तिसरी, चौथी व सहावीला आणि २०२७-२८ मध्ये पाचवी, सातवी, नववी व अकरावीला लागू व्हावयाचा आहे. याचा अर्थ असा की, २०२३ च्या जून महिन्यात पहिलीत बसलेले मूल तीन वर्षे जुन्या पायऱ्यांनी चढते आणि चौथीत एकदम नव्या जिन्यावर उभे राहते. दुसरीच्या मुलाने निदान पहिली तरी नव्या रीतीने केलेली असते. तिसरी-चौथीच्या मुलांना तेवढाही आधार नाही. भाषेच्या किंवा परिसर अभ्यासाच्या पुस्तकात हे खपून जाते, एखादा धडा राहिला तरी पुढचा वाचता येतो. गणितात मात्र मागची पायरी निखळली की पुढची तिच्यासह कोसळते.

उदाहरणादाखल एक साधी वजाबाकी घ्यावी. ५२ मधून २७ वजा करावयाचे आहेत. घरातील आजोबा म्हणतात, ‘बारातून सात गेले, राहिले पाच, हातचा एक, दोन आणि एक तीन, पाचातून तीन गेले, राहिले दोन.’ उत्तर २५. शाळेच्या पुस्तकात पाच दशकांपैकी एक दशक सुटा करतात. पाचावर काट मारून चार लिहितात, बारा एककांतून सात काढतात, चार दशकांतून दोन काढतात. उत्तर तेच, २५. दोन्ही रीती निर्दोष आहेत. आजोबांच्या रीतीत वरच्या व खालच्या अशा दोन्ही संख्यांत दहा-दहा मिळवलेले असतात, त्यामुळे फरक बदलत नाही. पुस्तकाच्या रीतीत वरची संख्याच निराळ्या प्रकारे मांडलेली असते. आता शाळेत पुस्तक आणि घरी आजोबा असे शिकणारे मूल काय करते? ते पाचावर काट मारून चार करते आणि शिवाय खालच्या दोनात हातचाही मिळवते. चारातून तीन गेले, राहिला एक. उत्तर १५.

या पंधराला घरात ‘निष्काळजीपणा’ म्हणतात, शाळेत ‘कच्चा पाया’ म्हणतात आणि शिकवणीवाले ‘जादा तासांची गरज’ म्हणतात. वस्तुत: मुलाने निष्काळजीपणा केलेलाच नसतो. त्याने दोन वडीलधाऱ्यांचे म्हणणे एकाच वेळी मानलेले असते! त्यातच नव्या धाटणीच्या पुस्तकांत संख्यारेषेवर उड्या मारण्याची तिसरी रीत येते. सत्तावीसपासून तीसपर्यंत तीन, तिसापासून पन्नासपर्यंत वीस आणि पुढे दोन, मिळून पंचवीस. ही रीत सुंदर आहे, बाजारात सुटे पैसे परत देणारा दुकानदार हेच करतो. परंतु पहिल्या दोन रीती एकमेकींत गुंतलेल्या असताना तिसरी आली, तर मुलाची गत काय होईल हे निराळे सांगावयास नको.

पुण्या-मुंबईत आपल्या मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारे काही पालक आहेत. त्यांच्या त्या निर्णयाविषयी मतभेद असू शकतात, पण एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्याजोगी आहे. एक पुस्तक सोडून दुसरे धरताना ते मुलाची इयत्ता पाहत नाहीत, मूल कोठवर आले आहे ते पाहतात. गरज पडली तर महिनाभर थांबतात, नव्या मालिकेचे खालच्या इयत्तेचे पुस्तक आणून त्यातील न शिकलेला भाग आधी करून घेतात. वडनेरच्या जिल्हा परिषद शाळेतील मुलाच्या आईबापांना पुस्तक कोणते आणि कधी बदलावयाचे हे ठरवता येत नाही. थांबण्याचीही मुभा नाही. शाळा उघडते त्या दिवशी नवे पुस्तक हाती पडते आणि पहिल्याच पानापासून सुरुवात होते.

महाराष्ट्रातील गणिताने यापूर्वी मोठी स्थित्यंतरे पचवली आहेत. १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. त्याआधी रुपयाचे चौसष्ट पैसे किंवा एकशे ब्याण्णव पै होत. पुढील वर्षापासून शेर-मणांच्या जागी किलोग्रॅम येऊ लागले. वर्धा जिल्हा त्या वेळी नुकताच मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आलेला होता. तेव्हाच्या तिसरी-चौथीतील मुलांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी घोकून ठेवलेली होती आणि तिचा व्यवहारातील उपयोग हळूहळू ओसरत गेला. तरीही ती पिढी गणितात मागे राहिली नाही. जुनी व नवी नाणी काही काळ एकत्रच चालत होती. आणे आणि नवे पैसे यांचे कोष्टक सर्वांसमोर होते. चार आणे म्हणजे पंचवीस नवे पैसे, हे मूल वाण्याच्या दुकानात रोज पडताळून पाहत होते. बदल मोठा होता, पण दोन्ही काठांना जोडणारे काहीतरी होते.

याउलट २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची रीत आली, तेव्हा चर्चा थट्टेतच संपली. गणित समितीच्या अध्यक्षा दिवंगत डॉ. मंगला नारळीकर यांनी दिलेले कारण विचार करण्यासारखे होते. मराठीत संख्या बोलताना एकक आधी येतो, लिहिताना दशक आधी येतो. लहान मूल येथे अडखळते. जुने नाव काढून टाकलेले नव्हते. पण या दोन नावांचा मेळ घरी कसा घालावा, हे पालकांना पुरेसे कोणी समजावलेच नाही.

येथे एक गोष्ट स्वकीयांनाही सांगितली पाहिजे. मुलगा गणितात अडखळू लागला की अनेक घरांत ‘वैदिक गणिता’चा वर्ग लावला जातो. स्वामी भारती कृष्ण तीर्थ यांचा १९६५ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेला ग्रंथ आणि त्यातील सोळा सूत्रे यांविषयी आदर असणे स्वाभाविक आहे. ज्याला स्थानिक किंमत पक्की कळली आहे, त्या मुलाला त्या सूत्रांचा आनंदही लुटता येतो. परंतु अभ्यासक्रम बदलण्याच्या ऐन धामधुमीत त्याच वजाबाकीची आणखी एक रीत मुलाच्या माथी मारणे हे परंपरेचे पालन नव्हे.

शासनाकडे मागावयाचे ते अवघड नाही. कोरोनाच्या काळानंतर २०२१ मध्ये याच राज्याने मागील इयत्तेच्या उजळणीसाठी ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राबवला होता. केंद्रात २०२४ मध्ये सहावीची पुस्तके बदलली, तेव्हा एनसीईआरटीने सहावीसाठी सेतू कार्यक्रम दिला होता. मग तिसरी-चौथीच्या गणिताला निदान महिनाभराचा सेतू का नसावा? ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी सुमारे ३१ टक्के मुलांनाच साधा भागाकार येतो, असे २०२४ च्या ‘असर’ अहवालाने दाखवले आहे. ही स्थिती जुन्या पुस्तकांवर वाढलेल्या मुलांची आहे, म्हणून बदल हवा हे मान्यच. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा उर्वरित महाराष्ट्रात दोन धडे होऊन गेलेले असतात. येथील शिक्षकावर अभ्यासक्रम उरकण्याची घाई अधिक असते, हेही वेळापत्रक आखणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

तोवर वस्तीवरील अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना आणि घरोघरीच्या आयांना एक काम करता येईल. नवे पुस्तक उघडण्याआधी मुलाला हातच्याच्या पाच बेरजा आणि पाच वजाबाक्या द्याव्यात, आणि उत्तर तपासण्याआधी त्याच्याकडून रीत मोठ्याने बोलून घ्यावी. शाळेतील गुरुजी कोणती रीत शिकवतात हे एकदा जाऊन विचारावे आणि पाचवी पूर्ण होईपर्यंत घरात तीच चालवावी. आजोबांना थोडे वाईट वाटेल. त्यांनी दीडकी शिकवावी. अपूर्णांकांचे धडे आले की ती उपयोगी पडेल.