डिस्चार्ज कार्डावर जे लिहिलेलं नसतं

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री आणि मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

महोदय,

पत्र दोघांना लिहावं लागतंय. भाजलेलं माणूस आधी जिल्हा रुग्णालयात जातं, ते एका खात्याचं. तिथून मेडिकल कॉलेजात पाठवतात, ते दुसऱ्या खात्याचं. माझं म्हणणं मात्र एकच आहे. जखम भरली की तुम्ही आम्हाला घरी सोडता, आणि खरी कठीण वेळ तिथून सुरू होते.

माझ्या उजव्या गालावर आणि गळ्यावर भाजल्याचे व्रण आहेत. घरी सोडताना कार्डावर बरंच काही लिहून मिळालं: तेलाने मालिश, ऊन टाळा, प्रेशर गारमेंट दिवसाचे 23 तास. (त्वचारोपण केलेल्या कातडीला घाम येत नाही. तिच्यावर तो घट्ट कपडा मे महिन्यात घालून बघावा, एवढंच म्हणते.) एक गोष्ट तेवढी कोणी सांगितली नाही, की व्रण सुधारण्याआधी बिघडतो. पहिले काही महिने तो लाल होतो, फुगतो, कडक होतो, खाजवून खाजवून झोप उडते. निवायला वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहून जास्त. म्हणजे आरशात सगळ्यात वाईट दिसण्याचे दिवस घरी काढायचे, आणि ते तसेच असतात हेही ठाऊक नसायचं. आता आयुष्यभर हेच, असं मी धरून चालले होते. दोन वाक्यांत माझी समजूत घालता आली असती.

जळीत कक्षात बाईचं बोलणं नीट ऐकून घेणारा माणूस बहुधा जबाब घ्यायला आलेला असतो. स्टोव्ह भडकला, कोणी पेटवलं, की स्वतःच? हे विचारायलाच हवं, कित्येकींचा न्याय त्यावर अवलंबून असतो. पण कागद पुरा झाला की तिला काय वाटतंय हे विचारायला कोणी फिरकत नाही. जबाबातला प्रश्न मात्र पुढे बसमध्ये, लग्नात, भाजीच्या गाडीवर येतच राहतो. "अगं बाई, कुकर फुटला का?" "सासरी काही झालं होतं का?" "आधीचा फोटो आहे का गं?"

कायदाही तेच विचारतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यात अ‍ॅसिड हल्ल्यातल्या पीडितांना स्थान आहे, आणि ते असायलाच हवं. पण स्टोव्हच्या भडक्याने तसाच चेहरा झालेली बाई केवळ त्या चेहऱ्यामुळे त्यात बसत नाही. ब्रिटनचा 2010 चा समता कायदा गंभीर विद्रूपता कशाने आली यावर असा भेद करत नाही. हा विषय केंद्राचा, म्हणून इथेच सोडते.

तुमच्या हातातलं सांगते, पण आधी एक उदाहरण. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या ईस्ट ग्रिनस्टेड गावी आर्चिबाल्ड मॅकिंडो हे सर्जन भाजलेल्या वैमानिकांवर उपचार करत. त्यांनी चेहरे दुरुस्त केलेच, शिवाय रुग्णांना गणवेशात गावात फिरू दिलं आणि गावकऱ्यांना सांगितलं, यांना घरी बोलवा. टक लावून न बघणारं गाव अशी त्याची ख्याती झाली. रुग्णांनी 1941 मध्ये स्वतःचा ‘गिनी पिग क्लब’ काढला. मला त्यातली शस्त्रक्रियेपेक्षा गाव तयार करण्याची कल्पना मोठी वाटते. पुढे जेम्स पार्ट्रिज यांनी 1992 मध्ये ‘चेंजिंग फेसेस’ ही संस्था काढली. स्वतः अठराव्या वर्षी मोटारीच्या आगीत भाजलेला हा माणूस. लोकांच्या नजरेला आणि प्रश्नांना सामोरं कसं जायचं हे शिकता येतं, यावर त्यांचा भर होता. माझं उत्तर आता तयार असतं: "भाजलं होतं, आता बरी आहे. तुम्ही कुठे उतरणार?" समोरच्याला हायसं वाटतं, मलाही. ते सापडायला फार वर्षं गेली.

पुण्यात एक सोय आहे. स्कूटीवर सगळ्याच मुली डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधतात, तेव्हा सिग्नलला माझ्याकडे कोणी वळून बघत नाही. पण ऑफिसात पोचल्यावर तो सोडावा लागतो.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम तुमच्याकडे आहेच. त्यातल्या मानसतज्ज्ञांना जळीत कक्षातही पाठवा, रुग्ण घरी जायच्या आधी. पहिल्यांदा आरसा बघताना तिच्याजवळ माहितगार माणूस असू द्या. व्रण पुढे कसा बदलेल हे नवऱ्याला, सासूला, आईलाही समजावून सांगा. मालिश बहुतेकदा त्यांच्याच हातून होते. मूल भाजलं असेल तर ते शाळेत परतण्याआधी वर्गशिक्षकांना रुग्णालयातून फोन जाऊ द्या, म्हणजे वर्गातली मुलं काय विचारतील याची तयारी बाई करून ठेवतील. आणि कार्डावर मालिशच्या सूचनेखाली ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक छापा. नवी इमारत, नवं यंत्र यातल्या कशालाच लागत नाही. दोन्ही खात्यांनी मिळून एक परिपत्रक काढलं तरी सुरुवात होईल.

आपली,
पुण्यातली एक नागरिक