साखळीची वही आणि आत्याबाईंचें नांव

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं जमिनीचे जुने कागद चाळण्याचा प्रसंग आला. आजोबांच्या मागें सातबाऱ्यावर वडील व दोघे काका अशीं तिघांचींच नांवें लागलेलीं. आत्याबाईंचें नांव फेरफारांत कोठेंच नाहीं. आमचा पुतण्या इंजिनियर. तो म्हणाला, “आत्याआजी, हें सारें ब्लॉकचेनवर असतें, तर अशी लबाडी झालीच नसती.” आत्याबाई हंसून म्हणाल्या, “अरे, नांव गाळणारा हात तुझ्या यंत्रालाही तेंच लिहून देईल!”

दोघांचेंही म्हणणें विचार करण्यासारखें आहे. ब्लॉकचेन ही एक नोंदवहीच. मात्र तिची प्रत एकाच कचेरीच्या कपाटांत नसून अनेक संगणकांवर असते, आणि प्रत्येक पानावर मागल्या पानाचा सांकेतिक ठसा असतो. मागचें एक अक्षर कोणीं बदललें कीं पुढचे ठसे जुळत नाहींत व लबाडी उघडी पडते.

जॉर्जिया देशानें २०१६ सालीं जमिनीच्या दाखल्यांचे असे ठसे साखळींत नोंदविण्यास आरंभ केला. परंतु त्यापूर्वीं, २००४ पासूनच, त्या देशानें आपलें नोंदणीखातें सुधारण्यास हात घातला होता. होंडुरासमध्यें २०१५ सालीं अशाच योजनेचा गाजावाजा झाला. ती तडीस गेली नाहीं. आधीं कचेरीवर विश्वास, मग यंत्रावर, असाच हा क्रम दिसतो.

साखळी नोंद जपते. नोंद खरी करीत नाहीं. आपल्याकडे सातबाऱ्यावरील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी धरली जाते. ती मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. म्हणूनच आत्याबाईंना दाद मागण्यास जागा उरली. साखळींतही दुरुस्तीची नवी नोंद घालतां येते. पण ती कोणाच्या हुकुमानें, किती दिवसांत, आणि चुकीची जबाबदारी कोणाची, हें आधीं ठरलें नाहीं, तर खेड्यांतल्या माणसानें विश्वास ठेवावा तरी कशावर?

आम्हीं आत्याबाईंच्या नांवासाठीं अर्ज केला आहे. त्यावर पहिली सही थोरल्या काकांची आहे. वाचकांनींही आपल्या घरचा उतारा एकदां काढून पाहावा. नवी वही येईल तेव्हां येवो. तींत उतरावयाचें तें आजच्या वहींत खरें असलेलें बरें.