काठिण्य कोणी रचले? ‘थ्रू द फायर अँड फ्लेम्स’ आणि ‘गिटार हीरो ३’

१/ हातात प्लॅस्टिकची गिटार, तिच्या दांडीवर पाच रंगीत कळा आणि पडद्यावरून अंगावर धावून येणारे ३,७२२ ठिपके. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ‘गिटार हीरो ३’ या खेळात ‘थ्रू द फायर अँड फ्लेम्स’ हे गाणे ‘एक्स्पर्ट’ पातळीवर पार करणे ही खेळाडूंची सत्त्वपरीक्षाच होती. या काठिण्याचे श्रेय सर्रास ड्रॅगनफोर्स या बँडला दिले जाते. ते अर्धेच खरे आहे.

२/ गाण्याचा उगम लंडनचा. तिथे १९९९ मध्ये जन्मलेल्या या मेटल बँडच्या हर्मन ली व सॅम टॉटमन या गिटारवादकांनी वेगालाच आपली ओळख बनवले. ‘इनह्यूमन रॅम्पेज’ या अल्बमचे हे पहिलेच गाणे: मिनिटाला सुमारे २०० ठोके, लांबी सात मिनिटांहून अधिक. व्हिडिओ गेममधले आवाज गिटारवर काढण्याची या मंडळींना हौस होती खरी. पण गाणे रचले गेले ते सहा तारांसाठी, पाच कळांसाठी नव्हे.

३/ तारांवरून कळांवर हे गाणे आणले ते दुसऱ्याच लोकांनी. ‘गिटार हीरो’चे पहिले दोन भाग हार्मोनिक्स या संस्थेने घडवले होते. २००६ मध्ये एमटीव्हीने हार्मोनिक्स विकत घेतली; प्रकाशक रेडऑक्टेन मात्र ॲक्टिव्हिजनकडे गेली आणि खेळाचे नावही तिच्यासोबत गेले. तिसरा भाग सोपवला गेला नेव्हरसॉफ्टकडे. स्केटबोर्डिंगच्या ‘टोनी हॉक’ मालिकेसाठी ख्यात असलेला हा चमू! त्यांच्या हाती कळ दाबण्याच्या वेळेला अधिक सवलत मिळाली, पण ठिपक्यांची गर्दी वाढली. गाण्यात नसलेली अवघडता वरून लादली, ही तक्रार तेव्हापासूनची आहे आणि ती अगदीच निराधार नाही.

४/ कोणता स्वर कोणत्या कळेवर पडावा, हे ध्वनिमुद्रणात कुठेही लिहिलेले नसते. ते माणूस ठरवतो. खेळाडू या मांडणीला ‘चार्ट’ म्हणतात.

५/ पुरावा खेळातच आहे. हेच गाणे ‘ईझी’ पातळीवर निवडावे: तेच ध्वनिमुद्रण, तोच वेग, पण कळा तीनच आणि ठिपके मोजके. तबल्याच्या भाषेत सांगायचे तर लय तीच राहते. बरोबरीची दुगुन, चौगुन करणारा हात निराळा असतो. काठिण्य गाण्यातच असते, तर ते ‘ईझी’वर कुठे नाहीसे होते?

६/ आरंभीचा तुकडा तर चार्टकाराच्या करामतीचा नमुनाच आहे. हिरवी कळ दाबून धरायची आणि बाकीच्या कळांवर बोटे अशी नाचवायची की छेडपट्टीला पुन्हा हात लावावा लागू नये. काही खेळाडूंनी हिरव्या कळेवर चक्क रबरबँड चढवला आणि दोन्ही हात मोकळे करून घेतले. या युक्तीला लबाडी म्हणणारेही होते. पण ही युक्ती खऱ्या गिटारवर कामाची नाही आणि खऱ्या गिटारवरचा रियाज इथे फारसा उपयोगी पडत नाही. दोन्ही विद्या वेगळ्या आहेत, आणि दुसरीला ‘खोटी गिटार’ म्हणून हिणवणारे नेमका हाच भेद विसरतात.

७/ खेळाने बँडला जगभर नवा श्रोता मिळवून दिला. या गाण्याची विक्री झपाट्याने वाढली. चार्ट रचणाऱ्यांची नावे मात्र फारशी कोणाच्या ओठी आली नाहीत. वास्तविक ती दाखवली जात होती. अंतिम लढत जिंकली की निर्मात्यांची श्रेयनामावली पडद्यावर सरकू लागते आणि नेमके त्याच वेळी हे गाणे वाजवायला समोर येते. खेळाडूची नजर ठिपक्यांवर खिळलेली असते.