दुधारी पातें

आमच्या वडपे गांवाभोवतीं आतां गोदामेंच गोदामें झालीं आहेत. हव्या त्या वस्तूचे खोके रात्रंदिवस नाशिक रस्त्यानें धांवत असतात. अशा ठिकाणीं राहून आम्ही मात्र गेल्या माघांत तीन पात्यांचें तयार कार्ट्रिज सोडून वडिलांच्या जुन्या सेफ्टी रेझरकडे वळलों. हेतु काटकसरीचा होता. एका कार्ट्रिजच्या मोलांत दुधारी पात्यांच्या कित्येक पुड्या येतात. जिलेट नामक अमेरिकन गृहस्थास ज्याचें पेटंट १९०४ सालीं मिळालें, तेंच हें साधें पातें.

पहिल्या दिवशीं गालास तीन ठिकाणीं रक्त आलें. दोष आमचाच. कार्ट्रिज दाबून फिरविण्याची संवय हातास जडली होती. येथें रेझरचें वजनच पुरतें. दाढी ऊन पाण्यानें चांगली भिजवावी, पातें कातडीशीं सुमारें ३० अंशांत धरावें आणि केसांच्या वळणानें हलकेंच ओढावें. "पेन्सिल दाबूं नको, अक्षराकडे लक्ष दे," असें मुलांस पस्तीस वर्षें सांगितलें; तोच धडा आरशापुढें आम्हांस गिरवावा लागला.

परंतु धडा अपुराच राहिला होता. कागदांत गुंडाळून टाकलेलें आमचें एक पातें केर नेणाऱ्या बाईंच्या बोटांत रुतलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. आम्हांस मात्र मान वर करवेना. वांचविलेल्या पैशांचें मोल दुसऱ्याच्या रक्तानें चुकवावयाचें काय? आतां पत्र्याच्या बंद डब्यास चीर पाडून जुनीं पातीं तींत टाकतों. वाचकांनींही नवें पातें आणण्यापूर्वीं हा डबा करावा.