सभेचे मैदान आणि बूथची यादी

लोकशाही प्रगल्भ होत जाते तसतशी पक्षांची प्रचाराची रीतही प्रगल्भ होते, भावनेची जागा विचार घेतो आणि व्यक्तीची जागा कार्यक्रम घेतो, असा एक सोयीचा समज सुशिक्षितांत रूढ आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा पाऊणशे वर्षांचा अनुभव त्याला दुजोरा देत नाही. येथील मतदार शहाणा झाला आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रचार मात्र उलट दिशेने गेला आहे. जो पूर्वी चव्हाट्यावर होत असे तो आता यादीत, पाकिटात आणि बंद खोलीत होतो.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती आणि पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. काँग्रेसची बैलजोडी होती, समाजवाद्यांचे झाड होते. मतदार बहुतांशी निरक्षर. म्हणून कार्यकर्त्याला बोलावेच लागे, आणि बोलायचे तर गाव जमवावे लागे. पत्री सरकारच्या या मुलखात गाव जमवणे अवघड नव्हते. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या सभेला माणसे भाकरी बांधून येत. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहिरांची भर पडली. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी जे मुंबईच्या चाळींतून गायले ते कृष्णाकाठीही घुमले. १९५७ साली नाना पाटील साताऱ्यातून लोकसभेवर गेले, आणि द्विभाषिकाचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कऱ्हाडमध्ये थोड्याच मतांनी तरले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणास आले, तेव्हा समितीने एसेम जोशींसारख्यांच्या नेतृत्वाखाली वाटेवर काळी निशाणे घेऊन हजारो माणसे शांतपणे उभी केली. आपले म्हणणे उघड्यावर, दिवसाउजेडी आणि प्रतिपक्षाच्या तोंडावर मांडायचे, हाच त्या काळच्या प्रचाराचा गाभा होता. त्या प्रचारात सारे काही निर्मळ होते असा आमचा दावा नाही. भावकीचे हिशेब तेव्हाही होते आणि पाटलाचा शब्दही चाले. पण सभा संपल्यावर निधीसाठी उपरणे फिरे. पैसा मतदाराकडून पक्षाकडे जाई, ही गोष्ट लहान नव्हे.

१९५७ च्या धक्क्याने सत्ताधारी पक्ष शहाणा झाला. यशवंतरावांनी बेरजेचे राजकारण केले आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. साखर कारखाने, जिल्हा बँका आणि गावोगावच्या सोसायट्यांचे जाळे विणले गेले. वसंतदादा पाटील आणि राजारामबापू पाटील यांनी उभ्या केलेल्या संस्थांनी या भागाचे दैन्य पुष्कळ हटवले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्याबरोबरच प्रचाराची जागा पालटली. ऊस वेळेवर तुटला नाही तर वाळतो आणि वजनाला मार खातो. तोडीची पाळी कोणाची आधी लावायची हे कारखान्याच्या शेतकी खात्यात ठरते. सोसायटीचे पीककर्ज कोणाला मिळायचे हे संचालक ठरवतात. ज्याची तोड आणि ज्याचे कर्ज एकाच गटाच्या हाती, त्याच्यापुढे भाषण करण्याची गरज राहत नाही. निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात चिटबॉय बांधावरून नुसता फिरून गेला तरी पुरते. १९७७ च्या जनता लाटेतही साताऱ्यातून यशवंतरावच निवडून आले. त्यात त्यांच्या व्यक्तिमत्त्वाचा वाटा मोठा होता, तसा या जाळ्याचाही होता. विरोधी पक्ष सभा जिंकत राहिले आणि निवडणुका हरत राहिले.

या जाळ्याला उत्तर नव्हते असे मात्र नाही. वाळव्यात नागनाथअण्णा नायकवडींनी हुतात्मा किसन अहीर यांच्या नावाने कारखाना काढला आणि तेच अण्णा १९८५ साली अपक्ष म्हणून विधानसभेवर निवडून गेले. आटपाडीला, जेथे औंध संस्थानाने १९३९ सालीच ग्रामराज्याचा प्रयोग केला होता, १९९३ पासून दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या. नागनाथअण्णा, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर यांनी त्यांत मागणी मांडली ती समन्यायी वाटपाची. भूमिहीनासकट प्रत्येक कुटुंबाला कृष्णेच्या पाण्यात हक्क हवा, अशी ती मागणी होती. परिषद मतांसाठी नव्हती, पण दुष्काळी भागात त्या प्रश्नावर बोलल्यावाचून मत मागणे पुढे कोणालाच शक्य राहिले नाही. दोन निवडणुकांच्या मधल्या वर्षांत केलेले काम हाच खरा प्रचार असतो, हे या परिषदांत दिसले.

मतदारावर अविश्वास दाखवणाऱ्यांनी अलीकडचे दोन निकाल पाहावेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये सातारा लोकसभेच्या पोटनिवडणुकीत भर पावसात झालेल्या शरद पवारांच्या सभेनंतर, पक्ष बदलून पुन्हा उभे राहिलेले उदयनराजे भोसले सत्त्याऐंशी हजारांहून अधिक मतांनी पडले. २०२४ साली सांगलीत वसंतदादांचे नातू विशाल पाटील यांना पक्षाची उमेदवारी मिळाली नाही, तरी लोकांनी त्यांना अपक्ष म्हणून सुमारे एक लाखाच्या मताधिक्याने निवडून दिले. त्यात घराण्याची पुण्याई होतीच. पण वरून ठरलेले जागावाटप गावाने मानले नाही, हेही तितकेच खरे.

आता प्रचाराचे शहाणपण पाहा. त्याच २०२४ मध्ये साताऱ्यात एका उमेदवाराचे चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस होते, तर एका अपक्षाला पिपाणीसारखे चिन्ह मिळाले आणि त्याचेही मराठी नाव ‘तुतारी’ असेच होते. अपक्षाला सदतीस हजारांवर मते पडली आणि निकाल तेहतीस हजारांच्या आत लागला. ती सारी मते चुकून पडली असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. तथापि १९५२ चा निरक्षर मतदार ज्या चिन्हांत चुकू नये म्हणून कार्यकर्ते घसा कोरडा करीत, त्याच चिन्हांच्या सारखेपणावर आज साक्षरांच्या जिल्ह्यात निकालाची चर्चा होते. त्याच वर्षी लाडक्या बहिणीला दरमहा दीड हजार रुपये सुरू झाले. कष्टकरी स्त्रीच्या हाती पैसा जातो याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. तो तिचा हक्क म्हणून न देता भावाची ओवाळणी म्हणून दिला जातो, याला विरोध आहे.

याहून गंभीर गोष्ट यादीची आहे. मतदारयादीच्या एका पानावर तीस नावे असतात आणि त्या पानाला आता एक पन्नाप्रमुख असतो. कागदी मतपत्रिकांच्या काळात मोजणीपूर्वी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळण्याची सोय होती. मतदानयंत्र आल्यापासून मोजणी केंद्रवार होते. हजार-बाराशे मतदारांच्या गावाने कोणाला किती मते दिली हे दुसऱ्या दिवशी प्रत्येक पुढाऱ्याच्या टेबलावर असते, आणि एखाद्या वाडीचे स्वतंत्र केंद्र असेल तर त्या वाडीचेही. मग रस्त्याचा निधी, पाण्याची टाकी आणि तोडीची पाळी त्या आकड्यावर बेतणे काय अवघड? माणसाचे मत गुप्त राहिले, गावाचे उघडे पडले. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र दाखवणाऱ्या टोटलायझरची सूचना निवडणूक आयोगाने २००८ साली केली आणि २०१५ साली विधी आयोगाने तिला पाठिंबा दिला. केंद्र सरकारने ती मानली नाही. न मानण्यात कोणाची सोय आहे हे उसाच्या फडातला माणूसही सांगेल.

आमचे काही मित्र यावर आक्षेप घेतात, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये शेजारच्या माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीने आपल्याच केंद्राचा आकडा खोटा वाटतो म्हणून कागदावर फेरमतदान घेण्याचे ठरवले होते. प्रशासनाने जमावबंदी लावून ते होऊ दिले नाही. केंद्रवार आकडा झाकला तर गावाने शंका तरी कशावरून घ्यायची? उत्तर असे की, प्रत्येक केंद्रावर एकूण किती मते पडली हे लेखी मिळालेच पाहिजे, ते झाकण्याचा प्रश्नच नाही. उमेदवारवार मोजणी मात्र आठ-दहा केंद्रांची एकत्र व्हावी, आणि ती व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मिसळून व्हावी. आज विधानसभा मतदारसंघामागे पाचच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. सगळ्या मोजायच्या तर निकाल एखादा दिवस उशिरा लागेल. १९५२ साली लोकांनी कितीतरी दिवस वाट पाहिली होती. हा ठराव ग्रामसभेत मांडायला कोणाची परवानगी लागत नाही. खानापूर, जत आणि माण तालुक्यांतल्या आपल्या शाखांनी त्याची सुरुवात करावी, कारण टँकर कोणत्या वाडीत आधी जातो आणि का, हे तेथल्या माणसांना सांगावे लागत नाही.