निवृत्त पूल

खडकी स्टेशन सोडून मुंबईकडे निघालेली आगगाडी मुळा नदी ओलांडते आणि दापोडीस पोहोचते. १८५८ साली पुण्यास लोहमार्ग आला, तेव्हापासून ही नदी गाड्यांच्या वाटेत आहे. जवळच रस्त्याचा हॅरिस पूल आहे. एके काळी पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. खडकीचे कितीतरी कामगार सायकलीवरूनच कारखान्यात जात. आता त्याच रस्त्यावर मोटारींची इतकी दाटी असते की, सायकलवरून शाळेस निघालेल्या मुलास जीव मुठीत धरून नदी ओलांडावी लागते.

लोहमार्गाचा पूल अजून गाड्यांच्या सेवेत आहे. परंतु कोणताही पूल केव्हातरी निवृत्त होतोच. त्या दिवशी त्याचे लोखंड भंगारात विकू नये. तो पायी चालणारांस व सायकलस्वारांस द्यावा.

हे निव्वळ स्वप्नरंजन नव्हे. अमेरिकेत हडसन नदीवर पोकिप्सी येथे १८८९ साली लोहमार्गाचा पूल उभा राहिला. १९७४ मध्ये त्यास आग लागली व गाड्या बंद पडल्या. पस्तीस वर्षे तो तसाच गंजत होता! २००९ मध्ये त्यावरून सुमारे दोन किलोमीटरांची पायवाट व सायकलवाट खुली झाली. आपल्याकडे राजमहेंद्रीस गोदावरीवरील जुन्या पुलाने १९०० ते १९९७ पर्यंत गाड्या वाहिल्या. निवृत्तीनंतर त्याचाही असा उपयोग करावा, ही सूचना अनेकदा झाली आहे.

आगगाडी पेलणाऱ्या पुलास माणसांचे ओझे ते काय, असे कोणी म्हणेल. पण दाटीने उभा राहिलेला जमावही हलका नसतो. शिवाय तुळया गंजतात, पुराचे पाणी खांबांचा पाया उकरते. म्हणून अभियंत्यांनी तपासल्यावाचून एकही फळी टाकू नये. डागडुजीस दरवर्षी पैसा लागेल, हेही खरे. मात्र वाट नसली की माणसे थांबत नाहीत. वसईच्या खाडीतील पाणजू बेटावरील लोक कित्येक वर्षे एक तर होडीने जात, नाही तर धावत्या गाड्यांना अंग चोरून रेल्वेपुलाच्या कडेने चालत. त्यापुढे कठड्याचा खर्च मोठा नव्हे.

असा पूल केवळ रविवारच्या सहलीसाठी सजवू नये. त्याची दोन्ही टोके वस्तीच्या व शाळांच्या रस्त्यांस जोडावीत आणि तेथे पायऱ्यांऐवजी सोपा उतार ठेवावा. नाही तर सायकलस्वारास सायकलच खांद्यावर घ्यावी लागेल.